दोन रेघा

बाप माझा, उकंडराव, ढोरांचा जाणकार.
तीन वर्षं झाली की सांड बदलायचा,
कितीही देखणा असो, कितीही गरीब.
"त्याच्या पोरी आता दावणीले आल्या," म्हणायचा
आणि चार गावं ओलांडून
परक्या कळपातला गोऱ्हा घेऊन यायचा.
वहीत लिहून ठेवायचा:
हरणी कोणाची, मोरी कोणाची.
एकदाच चुकलं. वासरू पाय आखडलेलं झालं.
बाप दोन दिवस जेवला नाही.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं
आतेभाऊ देवमनशी.
"पोर घरातल्या घरात राह्यली," बाप म्हणाला.
आत्याने मांडवात माझ्या कानशिलावर बोटं मोडली.
खरंच, सासर मला परकं नव्हतंच.
आत्याच्या भाकरीची चव
मला दात येण्याआधीपासून ठाऊक.
आणि देवमन भला माणूस. आजही भला.
हे आधीच सांगून ठेवते,
पुढचं ऐकून कोणी त्याच्याकडे
वाकड्या नजरेने पाहू नये.

पहिला सुबोध. खणखणीत.
मग अवनी, ऐन पोळ्याला.
सात महिन्यांची होती.
माझ्या हातून पितळी परात सुटली,
सारं घर दचकलं, अंगणातलं कुत्रं पळालं,
ती मात्र पायाचा अंगठा चोखत
वर आढ्याकडे बघत राहिली.
मी परात उचलली.
पुन्हा पाडली.
पुन्हा.

सेवाग्रामला तिला झोपवून
कपाळाला, कानामागे वायरी चिकटवल्या.
चाचणीचं नाव बेरा.
आत्याने 'बहिरा' ऐकलं
आणि निकाल लागण्याआधीच बाहेर रडत बसली.

डॉक्टरीण पोरसवदा. कागदावर काढत गेली
बायांना गोल, पुरुषांना चौकोन.
आजा-आजी वर, खाली बाप आणि आत्या,
त्यांच्याखाली मी आणि देवमन.
बाकी सगळ्या जोड्यांत एक रेघ.
आमच्या दोघांत दोन.
मला वाटलं, नातं डबल पक्कं, म्हणून असेल.

"तुम्ही दोघं धडधाकट," ती म्हणाली,
"पण एकच खोट दोघांकडे, एकाच घरातून आलेली.
एकटी असली की गप्प बसते.
दोन्हीकडून मिळाली की बोलते.
दर खेपेला चारात एक."
बोलते म्हणाली ती.
माझी पोर बोलत नाही, आणि ती खोट बोलते.

बापाला मी कागद दाखवला.
त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला,
ज्या बोटाने वही चाळायचा
तेच बोट रेघांवरून फिरवलं.
"ढोराचं अलग असते, माणसाचं अलग," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने:
"मले कोणी सांगतलं नाही."
मी म्हणणार होते, बाबा, तुम्हीच तर सांगत होता,
रोज, गोठ्यात, मोठ्याने.
नाही म्हटलं.

आता अवनी पाच वर्षांची.
कानामागे यंत्र, आवाज थोडा थोडा.
यंत्र काढून ठेवते आणि गाईच्या गळ्याला तळवा लावते.
हंबरली की हसते.

परवा भावाच्या मुलीचं बारसं.
आत्या म्हणून नाव मीच ठेवायचं.
पाळण्याशी वाकले तर पाठीवर बायांचे धपाटे,
आणि कोणीतरी म्हणालंच,
"घे वो, सुबोधची बायको आली!"
सगळ्या हसल्या. बापही ओसरीवर होता.

मी कानात नाव सांगितलं, मग सरळ झाले.
"भाची आहे," म्हटलं. "भाचीच राहील."
हसू जागच्या जागी विरलं.
आत्या, माझी सासू, घुगऱ्या वाटता वाटता थांबली.
ओसरीवरून बापाचा आवाज आला, खोकल्यासारखा:
"बरोबर बोलून राह्यली पोरगी."
एवढंच. पुन्हा तो तंबाखू मळायला लागला.

बाया पांगल्यावर अवनी पाळण्याशी गेली.
मी केलं तसं केलं तिने:
ओंजळ धरली, तोंड कानाशी नेलं
आणि नुसता श्वास सोडला.
पोरीने मान वळवली.
काय नाव ठेवलं, विचारलं मी खुणेने.
सांगितलं नाही.